बिरोबाच्या ओट्यावरचा करार

१८ नोव्हेंबर १९७४. एकशे चार जीव.

हिवरतळच्या ओढ्यावर तलाव झाला, तर ज्यांची जमीन त्याच्या पोटात जाणार होती त्या माणसांची ही संख्या. आठ घरं धनगरांची आणि मराठ्यांची, अकरा घरं बौद्धांची. तान्ही मुलं आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं धरून. त्या दिवशी बिरोबाच्या देवळापुढच्या ओट्यावर या सर्वांनी आपली जमीन द्यायला होकार द्यावा, अशी अपेक्षा होती. आणि तो होकार घ्यायला तालुक्याहून जीप येणार होती.

यल्लाप्पा जीप यायच्या आधीच रस्त्यावर एक खेप घालून आला होता. तो बांधकाम खात्यात मैलकुली होता. आटपाडीहून पूर्वेला जाणाऱ्या रस्त्याचा एक तुकडा त्याच्याकडे होता: खड्डे मुरमानं भरायचे, कडेच्या चरातला गाळ काढायचा, आडव्या आलेल्या बाभळी छाटायच्या, मैलाच्या दगडांना चुना लावायचा. काम संपलं तरी त्याचे पाय संपत नसत. जेवताना तो दोनदा उठून दारात जाई, बोलताना उभा राही, आणि उभा राहिला की चालू लागे. त्याची बायको पारूबाई म्हणे, ह्या माणसाला खात्यानं रस्ता दिला नसता तर ह्यानं घरातल्या घरात एक पाडला असता.

खालच्या वस्तीतल्या, म्हणजे बौद्धांच्या, अकरा घरांनी त्या दिवशी बोलायला त्यालाच पुढं केलं होतं. तो खात्याचा माणूस, त्याला जीपमधल्या माणसांची भाषा कळते, असा वस्तीचा समज होता. थोडा त्याचाही होता.

दोन वर्षांपूर्वीच्या दुष्काळानं या मुलखाची हाडं मोजून ठेवली होती. माणसं खडी फोडून जगली, जनावरं छावणीत गेली किंवा बाजारात. त्यानंतर दिल्लीच्या सरकारनं जे तालुके पुन्हा पुन्हा कोरडे पडतात ते निवडले आणि त्यांच्यासाठी वेगळी योजना आखली. योजनेचं म्हणणं सरळ होतं. दुष्काळ पडल्यावर खडी फोडायला लावण्यापेक्षा दुष्काळ पडण्याआधी पाणी अडवावं, माळावर गवत वाढवावं, आणि हे सगळं वरून न लादता गावच्या पुढाऱ्यांना बरोबर घेऊन करावं. हिवरतळच्या वाट्याला एक पाझर तलाव आला. अशा तलावातून कालवा निघत नाही. ओढा अडतो, पाणी साचतं, जमिनीत मुरतं आणि बांधाच्या खालच्या अंगाला असलेल्या विहिरींना उतरतं. पाणी एकाच्या रानात थांबतं आणि दुसऱ्याच्या विहिरीत निघतं. योजनेची सारी नैतिक अडचण या एका वाक्यात होती, आणि ती सोडवण्याचं काम योजनेनं गावावर सोपवलं होतं.

बांधाच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या खोलगटीत, वस्तीची जमीन होती. ती मूळची वतनाची. गावानं ती द्यायची म्हणून दिली तेव्हा ओढा दर पावसाळ्यात तिच्यावरून जायचा आणि ती कुणालाही नको होती. पुढं वतन गेलं, गावकीची कामं वस्तीनं सोडून दिली, आणि जमीन तेवढी नावावर राहिली. दीक्षा घेतल्यापासूनच्या अठरा वर्षांत वस्तीनं तिच्यातले दगड वेचून बांध घातले होते. तिथं हुलगा, मटकी आणि थोडी जोंधळ्याची वैरण होई. पोट भरत नसे, पण दुसऱ्याच्या दारात उभं राहायला उशीर होई. आणि तो उशीर वस्तीला फार मोलाचा वाटे.

बांधाच्या खालच्या अंगाला सरपंच लालासाहेबांच्या भावकीच्या विहिरी होत्या.

लालासाहेब, गावाचा आप्पा, वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे झालं त्याला वाईट माणसाची गरज पडली नाही. आटपाडी महाल औंध संस्थानात होता तेव्हा त्याचा बाप गावचा पंच होता, आणि गावानं आपला कारभार आपण चालवायचा ही सवय त्या घरात मुरलेली होती. दुष्काळात त्यानं आपली कडब्याची गंज फोडून गावात वाटली होती, खालच्या वस्तीतही. तलावाची कल्पना आली तेव्हा प्रश्नही त्यानंच काढला आणि उत्तरही त्यानंच. जमीन सरकारनं रीतसर घ्यायची म्हटली तर वर्षं जातील. मार्च उलटला की त्या सालचा निधी परत जाईल. म्हणून बुडणाऱ्यांनी जमीन स्वखुशीनं द्यावी, आणि ज्याच्या विहिरीला पाणी उतरेल त्यानं बुडणाऱ्याला आपल्या रानातली पट्टी तोडून द्यावी. सरकारला यात काही द्यावं लागत नव्हतं. गटविकास अधिकाऱ्यांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

जीप आली. अधिकारी तरुण होते, सातारा जिल्ह्यातल्या माणदेशात काम करून आलेले, मनापासून बोलणारे. दिल्ली लांब आहे, पण दिल्लीला तुमच्या गावचं शहाणपण हवं आहे, असं ते म्हणाले. ओट्यावर सतरंजी अंथरली होती. वस्तीची माणसं सतरंजीच्या कडेला, मातीवर बसली. त्यांना कुणी मातीवर बसा म्हटलं नव्हतं. सतरंजीवर बसा असंही कुणी म्हटलं नव्हतं.

संमतीच्या कागदावर अंगठे आधी झाले. इथं यल्लाप्पाची पहिली चूक झाली, आणि ती चूक त्याच्यासारख्या माणसाकडूनच व्हायची. आयुष्यभर खात्याच्या हुकमावर चाललेला माणूस होता तो. सरकारची जीप समोर उभी आहे, सरकारचा साहेब ऐकतो आहे, त्याच्या देखत सरपंच जमिनीला जमीन म्हणतो आहे, म्हणजे हे सरकारच बोलतं आहे, असं त्यानं धरलं. दिल्ली, साहेब आणि लालासाहेब ही त्याच्या लेखी एकाच रस्त्यावरची तीन गावं होती. त्यानं सही केली, आणि त्याच्या मागून वस्तीतल्या दहा अंगठ्यांनी शाई लावून घेतली. कागदावर फक्त जमीन देणं लिहिलं होतं. घेणं तोंडी होतं.

मग लालासाहेब उठला आणि म्हणाला, कागद सरकारचा झाला, आता गावाचा करार गावाच्या रीतीनं होऊ दे.

हिवरतळची रीत जुनी होती. देणारा आणि घेणारा बिरोबापुढं समोरासमोर उभे राहत. पुजारी ताट धरी. देणारा ताटातली चिमूटभर हळद, म्हणजे देवाचा भंडारा, आणि बेलाचं पान आपल्या तळहातावर घेई, बोल बोले, आणि तोच भंडारा घेणाऱ्याच्या उघड्या तळहातावर ओती. मग दोघं तो कपाळाला लावत. एकदा हे झालं की शब्द त्या माणसाचा राहत नसे, त्याच्या घराण्याचा होई. भाऊ, पुतणे, नातू, सगळे बांधले जात. या रीतीनं हिवरतळमध्ये विहिरींचे हिस्से ठरले होते, बांधांची भांडणं मिटली होती, आणि कोर्टाची पायरी चढल्याचं फारसं कुणाला आठवत नव्हतं.

पुजारी बिराप्पा धनगर होता आणि त्याचीही जमीन बुडत होती. त्यानंच पहिला भंडारा घेतला. बांधाखाली ज्याचीही विहीर होती त्या जोतीराम पाटलानं त्याच्या हातावर ओतला. आठ घरं अशी एकामागून एक झाली. अधिकारी कौतुकानं पाहत होते. लोकांचा सहभाग म्हणतात तो हाच, असं काहीसं ते शेजारी बसलेल्या ग्रामसेवकाला म्हणाले.

अकरा घरांना जमीन द्यायची होती ती लालासाहेबांच्या भावकीनं. लालासाहेबानं भंडारा हातावर घेतला आणि वस्तीकडे वळला. यल्लाप्पा उठून त्याच्या समोर आला, उभा राहिला, आणि त्याचा हात उघडला नाही.

दीक्षा घेतली त्या दिवशी त्यानं ज्या प्रतिज्ञा मोठ्यानं म्हटल्या होत्या त्या त्याला आत्ता, या उन्हात, शब्दाशब्दानं आठवल्या असं नाही. आठवलं ते वेगळंच. वस्तीतले देव्हारे टोपल्यांत भरून ओढ्याला नेले तो दिवस. त्याचं स्वतःचं नाव एका देवीवरून पडलेलं. ते बदलायचं राहून गेलं होतं. तेवढंच राहिलं होतं. बाकी काही राहू द्यायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं.

"आमी भंडारा घेत न्हाई, आप्पा," तो म्हणाला. "तुमी शबूद द्या. तेवढा बास हाय."

लालासाहेब हातातल्या हळदीकडे पाहत राहिला. त्याला राग आलेला नव्हता. पत्ता विचारत दुसऱ्याच्या घरी पोचावं आणि त्या घराला दारच नसावं, तसा तो गोंधळला होता.

"शबूद दिल्यालाच हाय की रं. पर त्यो ठिवायचा कशात?"

यल्लाप्पानं सांगितलं, वस्तीत बुद्धाची तसबीर आहे, तिच्यापुढं येऊन बोला. आमच्या लेखी तेच पक्कं. लालासाहेबानं लगेच मान हलवली. तुमच्या रीतीनं करू, असं तो सगळ्यांच्या देखत म्हणाला, आणि हातातला भंडारा त्यानं जपून ताटात परत टाकला. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. त्यांच्या लेखी काम झालं होतं: एकोणीस घरं, एकोणीस होकार.

तसबीर होती त्या समाजमंदिराच्या भिंती वस्तीनं पांढऱ्या केल्या. पारूबाईनं तसबिरीपुढची जमीन सारवली. लालासाहेब त्या आठवड्यात आला नाही. मग कामाची आखणी करायला लोक आले, मग त्याच्या पुतणीचं लग्न निघालं, मग तो सांगलीला बैठकीला गेला. रस्त्यात भेटला की स्वतःच म्हणे, येतो की एकदा, राहिलंय खरं. तो टाळत होता असं म्हणता येत नाही. त्याला त्या जागेची सवय नव्हती. वस्तीत जाऊन बसायचं, एका तसबिरीपुढं हात जोडायचे की नाही ते ठरवायचं, जोडले तर भावकी काय म्हणेल, न जोडले तर शब्दाला काय अर्थ. हे सगळं त्याला उद्यावर टाकण्यासारखं वाटे. असं टाकत टाकत वर्ष गेलं.

काम मात्र थांबलं नाही. बांध उभा राहत होता आणि त्याच्यावर वस्तीचीच माणसं मातीच्या पाट्या वाहत होती. मजुरी मिळत होती, ती हवीच होती. पारूबाई दिवसभर बांधावर माती टाकी आणि दिवेलागणीच्या आधी त्याच बांधामागच्या रानात खुरपायला जाई. यल्लाप्पाला ते बघवत नसे. तो रस्त्यावर असे, आणि त्या रस्त्याच्या एका चढावरून बांध दिसे. तिथं त्याचं फावडं थांबे. चढ उतरला की बांध दिसेनासा होई, आणि तेव्हा तो आणखी उंच झाला असेल असं वाटून तो पुन्हा चढ चढे. मुकादमानं त्याला एकदा हटकलं, की तुझा चढ सोन्याचा झालाय का, बाकीचा रस्ता खड्ड्यात गेला.

अक्षय तृतीयेला आठ घरांना पट्ट्या मोजून मिळाल्या. जोतीराम पाटलानं बिराप्पाला दिलेली पट्टी तर विहिरीलगतची होती. घरात कुरकुर झाली, पण कुणी मोडता घातला नाही. भंडारा झाला होता. वस्तीला त्या दिवशी कुणी बोलावलं नाही. आणीबाणीच्या त्या सालात मोठ्यानं बोलायची रीत नव्हती. तरी यल्लाप्पा गेला.

लालासाहेबाच्या सोप्यात त्याचा धाकटा भाऊ मानसिंग बसला होता. तो फौजेतून हवालदार म्हणून सुटून आला होता, आणि जमिनीच्या बाबतीत त्याला फौजेतल्यासारखंच सारं काटेकोर लागे. यल्लाप्पानं पट्ट्यांचा विषय काढला तसा लालासाहेब सुपारी कातरू लागला आणि बोलणं मानसिंगानंच केलं.

"भंडारा झाला का तुमचा?"

"न्हाई झाला. पर आप्पांनी समद्यांम्होरं सांगितलं—"

"आप्पांनी सांगितलं ते आप्पांचं. जिमीन भावकीची हाय. भंडारा झाला आसता तर मी बांधला गेलो आसतो, माजी पोरं बांधली गेली आसती. आता मला कुणी बांधलंय, सांग." मग थोडं थांबून तो म्हणाला, "तुमी देव बुडिवलं, आमी कवा काय म्हणालो? पर देवाच्या ताटातलं पायजे, आन् ताटाला हात लावायचा न्हाई, ही कुठली ऑर्डर?"

यल्लाप्पा उभाच होता. त्याला या बोलण्यात खोट सापडत नव्हती आणि ते सारंच खोटं आहे हेही कळत होतं. तो लालासाहेबाकडे वळला. लालासाहेबानं अडकित्ता बाजूला ठेवला. मी एकटा असतो तर आजच मोजून दिली असती, असं तो म्हणाला, आणि ते खरं असावं. मग आवाज खाली आणून, जवळजवळ विनवल्यासारखं तो बोलला.

"यल्लाप्पा, आजबी वेळ गेल्याली न्हाई. एक चिमूट घे. उद्या मोजणीची साखळी लावतो. माज्या भावाचं त्वांड बंद कर, गड्या, मला ते जमंना."

पाऊसकाळात तलाव भरला. हुलग्याची रानं, वेचलेल्या दगडांचे बांध, मधली दोन बोरीची झाडं, सगळं पाण्याखाली गेलं. बांधाखालच्या विहिरींना दिवाळीत पाणी चढलं. पुढच्या साली लालासाहेबांच्या भावकीत ऊस लागला, त्या भागात कुणी पाहिला नव्हता असा, आणि वाळव्याकडची पाहुणेमंडळी तो बघायला आली. वस्तीच्या बायका त्या उसात खुरपायला जाऊ लागल्या.

समाजमंदिरात बैठक बसली तेव्हा यल्लाप्पानं मानसिंगाचं आणि लालासाहेबाचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. त्याला वाटलं होतं, माणसं उसळतील. काही उसळली. राजाराम, जो किर्लोस्करवाडीला कामाला होता आणि सुटीवर आला होता, म्हणाला की पोटासाठी हळद लावायची तर दीक्षा घेतली कशाला. पण त्याला महिन्याचा पगार होता आणि बुडालेल्या जमिनीवर त्याचं पोट नव्हतं; हे कुणी बोललं नाही, सगळ्यांना ठाऊक होतं.

बोलली ती मुक्ताबाई. ती यल्लाप्पाची लांबची आत्या, विधवा, घरात सून आणि तीन नातवंडं. मुलगा मुंबईला गेला होता आणि त्याची खबर नव्हती.

"हळद हाय ती, यल्लू. रोज कालवणात घालतोय की. कालवणात धरम बुडत न्हाई, आन् हातावर घेतली की बुडतोय व्हय?"

बायका हसल्या. यल्लाप्पाला हसू आलं नाही. कालवणातली हळद आपण घालतो, तो म्हणाला. ही दुसरा ओततो आणि आपण हात पसरून खाली उभं राहतो. हात तर मी रोज पसरते, मुक्ताबाई शांतपणे म्हणाली, मानसिंगाच्या उसाच्या बांधावर, सांजच्याला. तो तुला दिसत नाही कारण तू खात्यात आहेस.

हे ऐकून यल्लाप्पा उठला आणि बैठक सोडून बाहेर चालू लागला. पारूबाई त्याच्या मागून गेली. घरी आल्यावरही तो बसेना. दारातून चुलीपर्यंत, चुलीपासून दारापर्यंत. शेवटी पारूबाईनं त्याला विचारलं, की देव्हारे ओढ्याला नेले तेव्हा आपल्या घरातली टोपली कुणी डोक्यावर घेतली होती, आठवतं का. आठवत होतं, तिनंच घेतली होती, सासूचा विरोध असताना. ती म्हणाली, "मी परत उचलून आणणार न्हाई. पर आत्याच्या घरात सांजच्याला चूल पेटत न्हाई, ते बी मला दिसतंय. दोनी खरं हाय. तुमी एकावर बोट ठिवा म्हणाल, तर मला ठिवता येत न्हाई."

त्यालाही येत नव्हतं. रस्त्यावर काम करताना तो स्वतःशी बोलू लागला. एक चिमूट, अकरा घरं. अकरा घरं, एक चिमूट. नुसतं वजन पाहिलं तर हिशेब सोपा होता. पण रोज त्याच्यापुढं दुसरी गोष्ट उभी राही. ज्या गावात दिलेला शब्द पाळायला देणाऱ्या माणसाचा देव लागतो, त्या गावात घेणाऱ्याचं माणूसपण कुठं मोजलं गेलं? सरकारनं गावाला विचारलं, हे चांगलंच झालं. पण गाव म्हणजे कोण, हे सरकारनं स्वतः पाहिलं नाही. ते त्यानं लालासाहेबाला विचारलं, लालासाहेबानं बिरोबाला, आणि बिरोबापुढं वस्ती कधी उभीच नव्हती. यल्लाप्पाला हे अशा शब्दांत मांडता आलं नसतं. तो फक्त मुरूम टाकी, धुमसानं ठोकी, आणि ठोकलेला खड्डा पुन्हा उकरून बघे.

१९७८ च्या फेब्रुवारीत दिल्लीहून पाहुणे आले. योजनेतली चांगली गावं पाहायची होती, आणि हिवरतळचं नाव वरपर्यंत गेलं होतं: इथं एक इंचही जमीन सक्तीनं घ्यावी लागली नाही. बांधावर मांडव घातला होता. आता दुसरे गटविकास अधिकारी होते, पण गावाची गोष्ट त्यांनी आधीच्यांकडून पाठ करून घेतली होती. त्यांनी भंडाऱ्याची रीत पाहुण्यांना हिंदीत समजावून सांगितली, आणि पाहुण्यांनी लालासाहेबाचा हात हातात घेतला. असं स्थानिक नेतृत्व देशभर हवं, असं त्यांचं बोलणं मराठीत सांगण्यात आलं.

यल्लाप्पा मांडवाच्या कडेला खात्याच्या खाकी सदऱ्यात उभा होता. रस्ता नीट दिसावा म्हणून त्याला तिथं ठेवलं होतं. तो चालत पुढं आला. चालणाऱ्या माणसाला कुणी अडवत नाही, थांबलेल्याला अडवतात.

"साहेब, आमची जिमीन या पान्याखाली हाय," तो म्हणाला. "बदल्यात मिळायची हुती ती मिळाली न्हाई. आमी अकरा घरं हाय."

पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, काय म्हणतो. अधिकाऱ्यांनी सांगितलं. पाहुण्यांनी गंभीरपणे मान डोलावली आणि अधिकाऱ्यांना पाहायला सांगितलं. अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथं पाहिलं, म्हणजे लालासाहेबाकडे पाहिलं. लालासाहेब म्हणाला, गावातली गोष्ट आहे, गावात मिटेल. पाहुणे जीपकडे गेल्यावर अधिकाऱ्यांनी यल्लाप्पाला बाजूला घेतलं. ते रागावले नाहीत. सरकारच्या दप्तरी जमीन स्वखुशीनं दिलेली आहे, ते म्हणाले. बदल्याचा व्यवहार तुमचा आपसातला, त्यात सरकार कुठं येतं? सरकारला गावात ढवळाढवळ करायची नाही, हेच तर या योजनेचं वैशिष्ट्य आहे. यल्लाप्पा म्हणाला, मग तेव्हा जीप कशाला आली होती? अधिकारी या प्रश्नावर खरोखर विचारात पडले. मग त्यांना हाक आली आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी मुक्ताबाई त्याच्या दारात आली. नवं लुगडं नव्हतं, पण धुतलेलं होतं. मी जाते, ती म्हणाली. तू सोबत येतोस की एकटी जाऊ? यल्लाप्पाला वाटलं होतं, हा क्षण आला की आपण तिला अडवू. त्यानं अडवलं नाही. चपला घातल्या आणि तिच्या बरोबरीनं चालू लागला. वाटेत तिनं एकदाच विचारलं, रागावलास का रं. तो म्हणाला, तुज्यावर न्हाई. कुणावर, ते तिनं विचारलं नाही.

तिनं निरोप आधीच धाडला होता. ओट्यावर लालासाहेब होता, मानसिंग होता, बिराप्पानं ताट धरलं होतं. लालासाहेबानं भंडारा हातावर घेतला आणि बोल बोलला. मुक्ताबाईनं आपल्या घरापुरता हात उघडला. हळद पडली. ती कपाळाला लावताना तिनं डोळे मिटून घेतले. मानसिंगही पुढं झाला आणि त्यानंही ताटातलं कपाळाला लावलं. त्याचा चेहरा आता स्वच्छ होता. तो त्याच्या समजुतीप्रमाणं बांधला गेला होता, आणि बांधलं जाणं त्याला आवडे. उद्या सकाळी साखळी लावतो, तो म्हणाला, आणि त्यानं ती खरंच लावली. पट्टी चांगली होती, काळी, विहिरीच्या पाटाखालची.

मग बिराप्पानं ताट यल्लाप्पाकडे वळवलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हलकेच तो म्हणाला, "घे की रं. माजीबी जिमीन गेलती. आपुन दोगं एकाच पान्यात बुडलोय."

लालासाहेब वाट पाहत होता. मानसिंगही पाहत होता, कुत्सितपणा न ठेवता. यल्लाप्पाच्या पाठीमागं दहा घरं होती आणि त्यांतलं एक त्याचं स्वतःचं होतं. त्याचे पाय थांबले होते.

"न्हाई, बिराप्पा," तो म्हणाला. "आप्पा, तुमी सांगितलं हुतं, वस्तीत येतो. आमी भिंत दरसाली पांढरी करतोय."

लालासाहेबानं मान खाली घातली. आज येतो असं त्याला म्हणता आलं नाही, आणि येत नाही असंही.

यल्लाप्पानं मुक्ताबाईला घरापर्यंत पोचवलं. तिच्या पट्टीची नांगरट त्यानं आणि पारूबाईनंच केली. वस्तीतल्या काहींनी त्याच्याशी बोलणं सोडलं: तिला जाऊ दिलं म्हणून काहींनी, आणि स्वतः हात उघडला नाही म्हणून काहींनी. या दोन्हींपैकी कुणाचं चुकलं, हे त्याला नक्की सांगता येत नसे. विचारलं तर तो उठे आणि रस्त्याकडे चालू लागे. दोन घरं उसाच्या मजुरीला शिराळ्याकडे निघून गेली ती परत आली नाहीत. बाकीच्यांच्या बायका मानसिंगाच्या बांधावर जात राहिल्या. पारूबाईही.

सरकारी अहवालात हिवरतळचा तलाव लोकांच्या सहभागाचं उदाहरण म्हणून नोंदला गेला. तलाव दर साली भरतो. खालच्या वस्तीतल्या दहा घरांना त्यांच्या जमिनीच्या बदल्यात द्यायची जमीन दिलेली नाही.